कोम्बू कुठलं, खाणारे कुठले: जपानच्या प्रादेशिक पदार्थांची पार्श्वभूमी

जपानला निघालेल्या माणसाच्या मोबाईलमध्ये हल्ली एक यादी असतेच. ओसाकात हे खा, हिरोशिमात ते, ओकिनावात अमुक. यादी चुकीची नसते, पण ती वाचून वाटतं की ज्या मातीत जे पिकलं तेच तिथल्या ताटात आलं. जपानमधले बरेच नावाजलेले पदार्थ मात्र जिन्नस पिकतो तिथून फार लांब, माल उतरायचा त्या गावात तयार झाले.

कोम्बूचंच बघा. हे जाड, लांब पट्ट्यांचं समुद्रशेवाळ थंड पाण्यात वाढतं आणि जपानी कोम्बूपैकी 90 टक्क्यांहून अधिक एकट्या होक्काइदोत, म्हणजे जपानच्या उत्तर टोकाच्या बेटावर निघतं. त्यावर जीव टाकणारी शहरं मात्र क्योतो, ओसाका, तोयामा. आधी हा माल जपान समुद्राच्या काठाने त्सुरुगा आणि ओबामा या बंदरांत यायचा आणि तिथून डोंगर व बिवा सरोवर ओलांडून क्योतोला पोचायचा. 1672 मध्ये कावामुरा झुइकेन या व्यापाऱ्याने शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, हुकमावरून पश्चिमेचा सागरी मार्ग नीट बांधून दिला. मग जहाजं मुख्य बेटाच्या पश्चिम टोकाच्या शिमोनोसेकीला वळसा घालून थेट ओसाकात येऊ लागली. पुढे याच मार्गावर धावणारी 'कितामाएबुने' जहाजं प्रसिद्ध झाली. ती नुसतं भाडं घेऊन माल पोचवत नसत. बंदरागणिक स्वस्त ते घ्यायचं, महाग ते विकायचं, असा जहाजमालकाचा स्वतःचा धंदा असे. उत्तरेला जाताना तांदूळ, मीठ, साके, कापड. परतताना कोम्बू आणि हेरिंग माशाचं खत. त्या खतावर पश्चिम जपानातला कापूस पोसला गेला. खवय्यांच्या गप्पांत या खताचं नाव कधी निघत नाही, पण जहाजाचं पोट खरं त्यानेच भरायचं.

वाटेवरच्या प्रत्येक गावाने कोम्बू आपल्या पद्धतीने वापरलं. क्योतोने रिशिरी बेटाचं कोम्बू घेऊन पाण्यासारखं नितळ 'दाशी' काढलं. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा मूळ रस्सा. ओसाकाने मा-कोम्बू पसंत केलं. तोयामात कच्च्या माशाचे काप कोम्बूच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून ठेवतात, त्याला कोबुजिमे म्हणतात. पूर्वेकडे, तोक्योच्या बाजूला, पाणी तुलनेने जड असल्याने कोम्बूचा अर्क नीट उतरत नाही. तिथे वाळवलेल्या बोनितो माशाचा कीस आणि गडद सोया सॉस यांचं राज्य झालं, असं कारण नेहमी दिलं जातं. हा फरक आजही पैसे देऊन पडताळता येतो: निस्सिन कंपनी 'दोनबेई' हे कपातलं उदोन (गव्हाच्या जाड नूडल्स) पूर्व आणि पश्चिम जपानसाठी वेगवेगळ्या रश्शात विकते. (शाकाहारी वाचकांसाठी: साध्या भाजीच्या पदार्थातही मासळीची दाशी असू शकते, विचारून घ्यावं.)

कोम्बूचा प्रवास ओसाकात थांबला नाही. 1609 मध्ये दक्षिणेच्या सात्सुमा संस्थानाने र्‍युक्यू राज्य, म्हणजे आजचं ओकिनावा, ताब्यात घेतलं, पण र्‍युक्यूचा चीनशी व्यापार चालू ठेवला. त्या आडून सात्सुमाला स्वतःचा चोरटा व्यापार करता येई. चीनला कोम्बू हवं होतं, आणि कर्जात बुडालेल्या सात्सुमाला पैसा. कोम्बू पुरवायला पुढे आले तोयामाचे फिरते औषधविक्रेते. बदल्यात त्यांना सात्सुमात औषधं विकायची मुभा आणि चिनी औषधी द्रव्यं मिळत. या उलाढालीत काही माल ओकिनावातच मुरला. तिथल्या उबदार समुद्रात कोम्बू उगवत नाही, तरी डुकराच्या मांसाबरोबर परतलेलं कोम्बू, 'कुबू इरिची', तिथला घरगुती पदार्थ झाला. ओकिनावाला गेलात तर गोया चाम्पुरू, म्हणजे कारल्याची परतलेली भाजी, कोणीही खायला लावेल. कुबू इरिची मात्र मागून घ्या.

क्योतो तर समुद्रापासून दूर. ओबामाहून (नावावर हसून घ्या) मीठ लावलेले साबा, म्हणजे आपल्या बांगड्याचे भाऊबंद, पाठीवर लादून सुमारे 70 किलोमीटर चालत आणले जात. त्या वाटेचं नावच 'साबा काइदो', बांगड्यांचा रस्ता. पोचेपर्यंत मीठ बेताचं मुरलेलं असे आणि त्याचीच साबाझुशी होई, जी क्योतोत आजही सणासुदीला लागते. 'हामो' हा आपल्या वामच्या जातकुळीतला मासा उन्हाळ्यात क्योतोला मानाचा, कारण तो चिवट, लांबच्या प्रवासातही जिवंत राहायचा. आणि सुकवलेलं हेरिंग घालून निशिन सोबा (सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स) 1882 मध्ये क्योतोच्या 'मात्सुबा' या दुकानाने आणला. मासा पुन्हा होक्काइदोचाच.

कोबे बीफची गोष्टही अशीच. 675 मध्ये सम्राट तेन्मूने वर्षाच्या काही महिन्यांसाठी गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली आणि नंतरची अनेक शतकं गोमांस उघडपणे खाणं निषिद्धच राहिलं. 1868 मध्ये कोबे बंदर परदेशी लोकांसाठी उघडलं. त्यांना बीफ हवं होतं, आणि ते आलं उत्तरेच्या ताजिमा भागातल्या शेतीच्या गुरांतून. 1872 मध्ये सम्राट मेइजीने स्वतः गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं. गुरं ताजिमाची, नाव बंदराचं.

नागासाकीचा धागा गोव्यापर्यंत येतो. फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये गोव्याहून निघून कागोशिमाला उतरले. 1571 पासून नागासाकी पोर्तुगीज जहाजांचं बंदर झालं. ही जहाजं गोवा, मलाक्का, मकाव करत यायची. अंडी, मैदा आणि साखरेचा 'कासुतेरा' केक तिथलाच वारसा. चाम्पोन नूडल्स मात्र बऱ्याच नंतरची: 1899 मध्ये 'शिकाइरो' हे खाणावळीचं दुकान उघडणाऱ्या, चीनच्या फुजियान प्रांतातल्या चेन पिंगशुन यांनी गरीब चिनी विद्यार्थ्यांना स्वस्तात पोटभर मिळावं म्हणून ती केली.

हिरोशिमाच्या ओकोनोमियाकीचं वय आणखी कमी. युद्धापूर्वी मुलांना पैशा-दोन पैशांत मिळणारं पातळ पिठाचं धिरडं अणुबॉम्बनंतरच्या उद्ध्वस्त शहरात लोखंडी तव्यावर मोठ्यांचं जेवण झालं. तांदूळ नव्हता, अमेरिकेहून आलेलं गव्हाचं पीठ होतं. कोबी आणि नूडल्स थरावर थर चढत गेले.

2007 मध्ये जपानच्या कृषी मंत्रालयाने ग्रामीण भागातले 99 पारंपरिक पदार्थ निवडले. शंभरावा ज्याने त्याने आपल्या आवडीचा धरावा. त्यासोबत 23 लोकप्रिय स्थानिक पदार्थांची वेगळी यादी केली. मला ती दुसरीच जास्त प्रामाणिक वाटते, कारण ती जुनेपणाचा आव आणत नाही. त्यात उत्सुनोमिया शहराची ग्योझा (मोमोसारखी भरलेली पुरचुंडी) आहे, जिची चटक चीनमधून परतलेल्या सैनिकांनी लावली असं तिथे सांगतात. योकोसुकाची नौदल करीही आहे. भारतातली करी ब्रिटिश नौदलामार्फत जपानी नौदलात गेली, 1908 च्या नौदलाच्या पाककृती पुस्तकात तिची कृती आली आणि 1999 मध्ये योकोसुकाने स्वतःला 'करीचं शहर' जाहीर केलं. तिथल्या नियमाप्रमाणे ही करी सॅलड आणि ग्लासभर दुधासोबतच वाढतात.