एफएससीके: फाइल सिस्टिमची दुरुस्ती नेमकी कशाची असते?

एफएससीके (fsck, म्हणजे फाइल सिस्टिम तपासणारी) ही कमांड डिस्कवरचा डेटा वाचवते, असा समज सिस्टिम ॲडमिनचे काम नव्याने शिकणाऱ्यांत सर्रास आढळतो. हा समज मनात धरून बिघडलेल्या डिस्कला हात घालणे धोक्याचे आहे. ही कमांड कोणत्या गरजेतून आली ते पाहिले की तिच्याकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे कळते.

युनिक्सची सुरुवात १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी केली. त्यांच्या फाइल सिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवण्याच्या व्यवस्थेची, मांडणी आजही ओळखीची वाटते. फाइलचे नाव डिरेक्टरीत असते. मालक, परवानग्या, आकार आणि डेटा डिस्कच्या कोणत्या ब्लॉकांत (ठरावीक आकाराच्या तुकड्यांत) आहे, ही माहिती आयनोड नावाच्या नोंदीत असते. कोणते ब्लॉक मोकळे आहेत, याची नोंद तिसऱ्याच ठिकाणी. म्हणजे एक फाइल तयार करायची तरी या सगळ्या जागी लिहावे लागते, आणि ते एका दमात होत नाही. त्यातून कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हे बदल आधी मेमरीत ठेवतो आणि मागाहून डिस्कवर उतरवतो. जुन्या युनिक्सवर हे साधारण दर ३० सेकंदांनी व्हायचे. मधेच वीज गेली की डिरेक्टरी एक सांगते, आयनोड दुसरे आणि मोकळ्या ब्लॉकांची यादी तिसरेच.

नाव आणि आयनोड वेगळे असण्याचा आणखी एक परिणाम रोज भेटतो. डिस्कवरची एकूण वापरलेली जागा सांगणारी डीएफ म्हणते डिस्क भरली, फाइलींचे आकार मोजणारी डीयू मात्र त्याच्या निम्मीही जागा दाखवत नाही. अशा वेळी बहुधा एखादी मोठी लॉग फाइल पुसलेली असते, पण कुठल्यातरी प्रोसेसने ती अजून उघडी धरलेली असते. नाव गेले, आयनोड जिवंत आहे. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफने ती प्रोसेस सापडते. इथे एफएससीकेचा काहीच संबंध नाही.

१९७९ ची युनिक्सची सातवी आवृत्ती आली तेव्हा दुरुस्तीची हत्यारे सुटी सुटी होती. आयचेक ब्लॉकांचा हिशेब तपासायची. डीचेक डिरेक्टरीतल्या नोंदी आणि आयनोडमधली लिंकसंख्या (त्याला किती नावे आहेत) जुळते का ते बघायची. एनचेक आयनोड क्रमांकावरून फाइलचे नाव शोधून द्यायची, आणि नाइलाज झाला की सीएलआरआयने तो आयनोड कोरा करायचा. कोणता आयनोड कोरा करायचा हे ॲडमिननेच ठरवायचे. क्रमांक टाइप करताना एक आकडा चुकला की धडधाकट फाइल जायची. टेड कोवाल्स्की यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लिहिलेल्या एफएससीकेने ही कामे एका प्रोग्रॅममध्ये आणली. ती ठरलेल्या क्रमाने तपासत जाते आणि बदल करण्याआधी हो की नाही ते विचारते.

तो क्रम फार विचारपूर्वक लावलेला आहे. आज लिनक्सवर ई-टू-एफएससीके (एक्स्ट-टू आणि तिच्या पुढच्या फाइल सिस्टिमांची एफएससीके) चालवली की पाच पास दिसतात. आधी आयनोड आणि ब्लॉक, मग डिरेक्टरींची रचना, मग प्रत्येक डिरेक्टरी रूटपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या डिरेक्टरीपर्यंत, पोहोचते का, मग लिंकसंख्या, शेवटी ब्लॉक गटांचे आकडे. आयनोडच भरवशाचे नसतील तर त्यांच्याकडे बोट दाखवणारी डिरेक्टरी तपासण्यात अर्थ नाही, म्हणून पहिला पास आधी.

या तपासात असे आयनोड निघतात की ज्यांत मजकूर आहे, पण कोणत्याही डिरेक्टरीत त्यांचे नाव नाही. त्यांची रवानगी लॉस्ट-प्लस-फाउंड डिरेक्टरीत होते. ही डिरेक्टरी फाइल सिस्टिम बनवतानाच तयार केली जाते आणि तिला थोडे रिकामे ब्लॉक आधीच दिलेले असतात, कारण ज्या मोकळ्या ब्लॉकांच्या यादीवरच संशय आहे तिच्यातून दुरुस्तीच्या वेळी नवा ब्लॉक मागणे जोखमीचे. आत गेले की हॅश चिन्ह आणि पुढे आयनोड क्रमांक, अशा नावांच्या फाइली रांगेने पडलेल्या दिसतात. मूळ नाव डिरेक्टरीत होते, ते गेले. मग फाइल नावाची कमांड चालवून पहिल्या काही बाइटांवरून प्रकार ओळखायचा, मालक आणि तारीख बघायची, ग्रेपने आतला ओळखीचा शब्द शोधायचा. काम किचकट आहे, पण हरवलेला डेटाबेस डंप कधीकधी इथेच हाती लागतो.

एफएससीकेची हद्द इथे संपते. ती नोंदी एकमेकींशी जुळवते, प्रसंगी एखादी नोंद काढून टाकूनही. ब्लॉकच्या आतला मजकूर खरा की अर्धवट, हे तिला कळण्याची सोयच नाही. माउंट केलेल्या, म्हणजे वापरात जोडलेल्या, फाइल सिस्टिमवर ती चालवू नये, आधी एन पर्याय देऊन नुसता अहवाल घ्यावा, आणि डिस्कच मरणपंथाला लागली असेल तर सगळ्यात आधी प्रत काढावी. प्रत काढणारी साधी डीडी कमांड वाचनात पहिली चूक आली की थांबते. आंतोनियो दियाझ दियाझ यांची डीडीरेस्क्यू चांगले भाग आधी उचलते, कुठे काय वाचले याची नोंद ठेवते आणि खराब जागांकडे नंतर वळते. दुरुस्ती त्या प्रतीवर करावी.

बर्कलीत मार्शल कर्क मॅक्युसिक आणि सहकाऱ्यांनी बनवलेली फास्ट फाइल सिस्टिम १९८३ मध्ये ४.२बीएसडीबरोबर आली. तिच्यात सुपरब्लॉकच्या, म्हणजे फाइल सिस्टिमची मूळ माहिती असलेल्या ब्लॉकच्या, प्रती डिस्कभर पसरून ठेवल्या होत्या. लिनक्सच्या १९९३ च्या एक्स्ट-टूनेही तेच केले. ४ केबीचे ब्लॉक असतील तर पहिली राखीव प्रत ३२७६८ व्या ब्लॉकवर असते. मूळ सुपरब्लॉक वाचता येत नसेल तेव्हा ई-टू-एफएससीकेला बी पर्यायाने तो आकडा द्यायचा. आकडे आठवत नसतील तर फाइल सिस्टिम बनवणारी एमके-ई-टू-एफएस एन पर्यायासह चालवली की ती काही न लिहिता यादी दाखवते. तो एन विसरला तर मात्र जुन्या फाइल सिस्टिमवर नवी कोरी बसते.

डिस्क मोठ्या झाल्या तसे पूर्ण तपासणीला तासन्‌तास लागू लागले. उत्तर होते जर्नल: करायचा बदल आधी लिहून ठेवायचा, मग करायचा, बंद पडल्यास तेवढीच नोंद पुन्हा चालवायची. आयबीएमच्या एआयएक्सवर १९९० मध्ये जेएफएस आली, सिलिकॉन ग्राफिक्सची एक्सएफएस १९९४ मध्ये. लिनक्समध्ये स्टीफन ट्वीडी यांची एक्स्ट-थ्री नोव्हेंबर २००१ मध्ये २.४.१५ कर्नलबरोबर दाखल झाली. त्याच कर्नलमध्ये अनमाउंट करताना फाइल सिस्टिम बिघडवणारी चूक होती आणि काही दिवसांतच २.४.१६ काढावा लागला. जर्नल चांगले असले तरी कर्नलच्या चुकीपुढे तेही हतबल असते, म्हणून तपासणीची गरज संपली नाही.

एक्सएफएसवर बूटच्या वेळची एफएससीके काहीही न करता यशस्वी झाल्याचे सांगते, कारण जर्नलचे काम माउंट करतानाच होते. खरी दुरुस्ती एक्सएफएस-रिपेअर करते. जर्नल बाकी असेल तर ती आधी माउंट करून पाहायला सांगते. एल पर्याय जर्नल पुसतो, तेव्हा तो अगदी शेवटी.

सन कंपनीची झेडएफएस फाइल सिस्टिम २००५ मध्ये ओपनसोलारिसमधून खुली झाली. तिने प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (मजकूर बदलला का ते ओळखणारा आकडा) ठेवला आणि जुन्या जागेवर कधीच न लिहिण्याचा नियम पाळला. तिला एफएससीके नाही, सगळे ब्लॉक वाचून तपासणारा स्क्रब आहे. ब्लॉकच्या आतला मजकूर खराब झाला, हे तो ओळखतो आणि मिरर, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर प्रत, असेल तर चांगल्या प्रतीवरून दुरुस्तही करतो. एकच डिस्क असेल तर स्टेटस कमांड बिघडलेल्या फाइलीचे नाव दाखवते, आणि ती फाइल बॅकअपमधून आणावी लागते.