रस्त्यावरचे मीठ आणि वाहनांचा गंज

थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ सुटावे म्हणून मीठ पसरतात. ते खारे पाणी चाकांनी उडून वाहनाच्या पोटाला बसते आणि पत्रा, चेसिस, ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सर यांना गंज चढवते. सोलापुरात बर्फ पडत नाही; इथली थंडी जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत स्वेटर मिरवण्यापुरती. मीठ मात्र इथेही पोहोचते, फक्त ते गाडीवर बसून येते. रत्नागिरीहून कोल्हापूर-सांगलीमार्गे येणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. १६६ आणि हैदराबादमार्गे मच्छलीपट्टणपर्यंत जाणारा क्र. ६५ यांनी हे कोरडे शहर दोन्ही समुद्रांना जोडले आहे. मासळीच्या गाडीतून ठिबकणारे खारे पाणी, मिठाच्या पोत्यांतून सांडलेली कणी, किनाऱ्यावरचा दमट वारा आणि सुट्टीत हौसेने वाळूत उतरवलेली घरची गाडी, या वाटांनी मीठ येते.

बर्फावर मीठ टाकण्याची पद्धत अमेरिकेत १९४० च्या सुमारास रुजली. डेट्रॉइट शहराने १९४० मध्ये ती वापरली. त्या शहराच्या जमिनीखालीच मिठाची खाण आहे. न्यू हॅम्पशायर राज्याने १९४१ मध्ये तेच धोरण धरले. २३ टक्के मीठ असलेले पाणी उणे २१ अंश सेल्सियसपर्यंत गोठत नाही, पण प्रत्यक्ष रस्त्यावर उणे दहाच्या आसपासच साधे मीठ थकते. मग कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. काही ठिकाणी मिठाच्या पाण्यात बीट साखरेच्या कारखान्यातली मळी मिसळतात, म्हणजे ते रस्त्याला चिकटून राहते. मळीचे टँकर रोज पाहणाऱ्या सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकाला या चिकटपणाबद्दल वेगळे सांगायला नको.

मीठ स्वतः लोखंड खात नाही. गंजाला लोखंड, पाणी आणि प्राणवायू एवढे पुरतात. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजाची विद्युत-रासायनिक क्रिया भराभर चालते. शिवाय क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडते. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो, म्हणून रंगाखाली फोड येतो. सुरुवात नेहमी आडबाजूला होते: वेल्डिंगचा सांधा, दाराची खालची दुमड, मडगार्डची आतली कड, स्प्रिंगच्या पाट्यांमधल्या फटी. बाहेरून दिसेपर्यंत आतला पत्रा चाळणी झालेला असतो.

सोलापूरचे वेगळेपण वेळेचे आहे. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून ओले होते. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असल्याने ते त्याही आधी पाझरते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी हेच दाखवते. एप्रिल-मेच्या दुपारी इथली आर्द्रता पुष्कळदा ३० टक्क्यांच्याही खाली असते, त्यामुळे चेसिसवर आलेले मीठ चिखलाच्या पापुद्र्याखाली पडून राहते. गाडी ठणठणीत दिसते. जूनमध्ये मृगाचा शिडकावा झाला की तो पापुद्रा भिजतो, आणि सप्टेंबरच्या पावसात तर आठवडाभर ओला राहतो. पाऊस जोरदार असेल तर मीठ धुऊनही जाते. घात करतो तो भुरभुरता पाऊस. ‘उन्हाळ्यात चांगली होती, दिवाळीत पत्रा कुजला’ असे गाडीवाला म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, फक्त दोष मे महिन्याच्या सहलीला लावायचा राहून जातो.

म्हणून पहिला उपाय धुण्याचा. किनाऱ्यावरून परतल्यावर दोन-चार दिवसांत गाडी रॅम्पवर चढवून पोट खालून धुवावे. बहुतेक जण बॉनेट आणि दारे चकाचक करून घेतात. ती जागा सगळ्यांत कमी धोक्याची. अडचण पाण्याची आहे. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे धुलाई बोअरच्या पाण्यावर चालते. ते जड असते आणि वाळल्यावर पांढरे डाग सोडते. तरी समुद्राचे मीठ ठेवण्यापेक्षा बोअरचे पाणी परवडले. शेवटी हवेच्या झोताने सांधे कोरडे करून घ्यावेत.

कारखान्यातून येणारी गाडी उघडी नसते. जस्ताचा थर दिलेला पत्रा, त्यावर फॉस्फेट, मग विजेच्या साहाय्याने बसवलेला प्रायमर म्हणजे रंगाआधीचा हात, असे थर असतात. ते तपासायला बंद पेटीत ५ टक्के मिठाच्या पाण्याचे धुके ३५ अंशांवर सोडतात. ३५ अंश म्हणजे सोलापूरचा साधा मार्च. मात्र पेटीतला अखंड ओलावा इथे नसतो.

वरून करायच्या लेपांबाबत जरा सबुरी हवी. गाडीच्या पोटाला देतात ते डांबरी किंवा रबरी अंडर कोटिंग स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर चांगले काम करते. गंजावरच थापले, की त्याला तडे जातात, आत पाणी शिरते आणि वरून काळेभोर, आतून भुगा अशी गत होते. मेणाचे किंवा तेलाचे लेप दरवर्षी द्यावे लागतात, पण सांध्यांत झिरपतात आणि गंज लपवत नाहीत. जुन्या ट्रकवाल्यांचा जळके ऑइल किंवा डिझेल फवारण्याचा उपाय स्वस्त आहे खरा, पण सांध्यांतले रबरी बुश फुगतात, तेलावर सोलापुरी धूळ चिकटते आणि उरलेले तेल जमिनीत मुरते. गंज खरवडून रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग लावणे त्यापेक्षा बरे. लांबी (पुट्टी) भरून रंग मारणे हा मात्र इलाज नाही, ते झाकणे आहे.

जुनी गाडी घेताना पायाखालची चटई उचलून फ्लोअरवर टिचकी मारावी. शाबूत पत्रा टणकन वाजतो, कुजलेला भद्द आवाज देतो. मग दाराच्या तळाशी असलेली पाणी निचरायची बारीक भोके पाहावीत. धूळ बसून ती बुजलेली असतात. काडी घातली की वाळकी माती गळते, आणि मातीबरोबर तांबडा भुगा आला तर दार आतून गेलेले आहे.