पॅकर्स खेळाडू विकत का घेत नाहीत? दर मार्चमधल्या भांडणाची पार्श्वभूमी

आधीच सांगून टाकतो, इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, हेल्मेटवाला, लांबट बॉलचा. आणि टीम म्हणजे ग्रीन बे पॅकर्स. माझा मावसभाऊ मिलवॉकीला असतो, हे वेड त्याच्यामुळे लागलं, आणि आता दर एप्रिलमध्ये एका शुक्रवारी पहाटे साडेपाचला मी पुण्यात चहाचा कप घेऊन एनएफएलचा, म्हणजे तिथल्या प्रोफेशनल लीगचा, ड्राफ्ट बघत बसतो (तिकडे गुरुवारची रात्र असते). आई विचारते, अरे मॅच पण नाहीये, नुसती नावं वाचून दाखवतायत, यात बघायचं काय? तिचंही बरोबरच आहे.

पण खरी मजा तिथेच असते. फेब्रुवारीत सुपर बोल झाला की सीझन संपला, मग मार्चमध्ये फ्री एजन्सी उघडते, म्हणजे ज्यांचे करार संपलेत ते खेळाडू हव्या त्या टीमकडे जाऊ शकतात, मग एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट, कॉलेजच्या पोरांची ७ राऊंडमध्ये निवड, उन्हाळ्यात ९० जणांचा कॅम्प आणि सीझनच्या तोंडावर कापून कापून ५३. या सगळ्या काळात पॅकर्सवाल्यांचं एकच भांडण चालतं. अर्धे म्हणतात पैसे सोडा, तयार स्टार आणा. अर्धे म्हणतात कॉलेजमधून पोरं घ्या, घडवा, दम धरा. भाऊ पहिल्या पार्टीत, मी दुसऱ्या. आणि हे भांडण समजायचं असेल तर बरंच मागे जावं लागतं, कारण दोन्ही बाजूंच्या जखमा जुन्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे या टीमला मालकच नाही. १९१९ ला कर्ली लॅम्बोने टीम काढली, जर्सीचे पैसे तो जिथे कामाला होता त्या इंडियन पॅकिंग कंपनीने दिले म्हणून नाव पॅकर्स. पैसे सतत संपायचे, म्हणून १९२३ ला गावाला शेअर विकले आणि तेच पुढे चालू राहिलं. आज ५ लाखांहून जास्त शेअरहोल्डर आहेत आणि गावाची वस्ती जेमतेम लाखभर. डिव्हिडंड शून्य, शेअर बाजारात विकता येत नाही. भावाने २०२१ च्या विक्रीत ३०० डॉलरचा एक घेतला आणि फ्रेम करून हॉलमध्ये गणपतीच्या फोटोशेजारी लावला, वहिनी अजून बोलते त्यावरून. पण याचा अर्थ असा की एखाद्या अब्जाधीश मालकाला रात्री झोप लागली नाही आणि सकाळी त्याने कोणीतरी मोठा उचलला, असं इथे होत नाही. जीएम, म्हणजे टीमचा जनरल मॅनेजर, ठरवतो आणि लोक बोंबलतात.

ड्राफ्टच्या आधीचा जमाना तर भारीच होता. १९३५ ला अलाबामाचा डॉन हटसन नावाचा रिसीव्हर (फेकलेला बॉल पकडणारा) कॉलेजमधून बाहेर पडला आणि पठ्ठ्याने दोन टीमच्या करारांवर सही केली, पॅकर्स आणि ब्रुकलिन. दोन्ही कागद लीगकडे पोचले, आता काय करायचं? असं सांगतात की लीगच्या अध्यक्षाने पाकिटांवरचे पोस्टाचे शिक्के बघितले आणि पॅकर्सचं पाकीट १७ मिनिटं आधीचं निघालं. मिनिटांचा हिशोब कितपत खरा देव जाणे, पण हटसन ग्रीन बेला आला आणि त्या काळातला सगळ्यात मोठा रिसीव्हर झाला हे खरं.

अशी ओढाताण श्रीमंत टीमना परवडायची, बाकीच्यांना नाही. फिलाडेल्फियाचा मालक बर्ट बेल सारखा हरत होता, त्याने आयडिया काढली की सगळ्यात तळाच्या टीमला पहिली निवड द्या. ८ फेब्रुवारी १९३६ ला फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला, फळ्यावर ९० नावं. पहिलं नाव जे बरवँगर, आणि तो एनएफएलमध्ये एकही मॅच खेळला नाही! पगार पटला नाही, फोम रबर विकायला गेला. ड्राफ्ट हा जुगार आहे हे पहिल्याच दिवशी कळलं होतं म्हणायचं.

पॅकर्सचं खरं घर ड्राफ्टने बांधलं ते ५० च्या दशकात, आणि त्यातला माणूस कोणाला माहीतच नसतो. लोक व्हिन्स लोम्बार्डीचं नाव घेतात, बरोबरच आहे, ७ वर्षांत ५ चॅम्पियनशिप आणि पहिले दोन सुपर बोल. पण लोम्बार्डी आला १९५९ ला. त्याआधी जॅक वायनिसी नावाचा तरुण स्काउट वर्षानुवर्षं कॉलेजं पालथी घालून नोंदी ठेवत होता. १९५६ ला १७ व्या राऊंडमध्ये, २०० व्या नंबरवर बार्ट स्टार घेतला, जो पुढे त्या सगळ्या चॅम्पियनशिपचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, खेळ चालवणारा माणूस. १९५८ च्या एकाच ड्राफ्टमध्ये जिम टेलर, रे निट्शके, जेरी क्रेमर, तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये. आणि त्या १९५८ च्या सीझनचा निकाल काय? १ विजय, १० पराभव, १ बरोबरी. पॅकर्सचा इतिहासातला सगळ्यात वाईट सीझन आणि मैदानावर भविष्यातले चॅम्पियन उभे! वायनिसी १९६० ला गेला, वय फक्त ३३, एकही चॅम्पियनशिप बघायला मिळाली नाही. भावाशी वाद घालताना मी पहिलं हेच काढतो.

मग भाऊ काढतो पुढची २४ वर्षं. लोम्बार्डीनंतर १९६८ ते १९९१, प्लेऑफ फक्त दोनदा. आणि त्यातलं सगळ्यात कुप्रसिद्ध पान म्हणजे १९७४. कोच डॅन डिव्हाइनला घाई झाली होती, नोकरी धोक्यात, त्याने लॉस एंजेलिस रॅम्सकडून जॉन हॅडल नावाचा क्वार्टरबॅक आणला आणि बदल्यात ५ पिक (ड्राफ्टमधले निवडीचे हक्क) दिले, दोन पहिल्या राऊंडचे, दोन दुसऱ्या, एक तिसऱ्या. हॅडलचं वय ३४. तो चालला नाही, डिव्हाइन सीझन संपताच नोत्र दाम कॉलेजच्या टीमकडे निघून गेला आणि मागे राहिलेल्यांना दोन वर्षं रिकाम्या हाताने ड्राफ्टला बसावं लागलं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं झालंय या गावाचं. आजही पॅकर्सनी मोठा ट्रेड करायचा म्हटलं की साठीतला कोणीतरी काका हॅडलचं नाव काढतोच.

पण नुसता ड्राफ्ट म्हणजे शहाणपण असंही नाही हां. १९८९ चे पहिले पाच पिक बघा. १ ट्रॉय एकमन, २ टोनी मँडरिच, ३ बॅरी सँडर्स, ४ डेरिक थॉमस, ५ डियॉन सँडर्स. यातले चार हॉल ऑफ फेममध्ये गेले. उरलेला एक पॅकर्सचा. मँडरिचला पुढे कॉलेजमध्ये स्टेरॉइड घेतल्याचं कबूल करावं लागलं, चार वर्षांत तो टीमबाहेर. बॅरी सँडर्स पुढच्याच नंबरवर डेट्रॉइटला गेला आणि दरवर्षी दोनदा पॅकर्सच्या विरुद्धच पळायचा. माझ्या पार्टीचं तोंड इथे बंद होतं.

आता नियमांकडे येऊ, कारण त्याशिवाय १९९३ कळणार नाही. तोपर्यंत करार संपला तरी खेळाडू मोकळा नसायचा. नेणाऱ्या टीमने जुन्या टीमला भरपाई द्यायची, त्यामुळे कोणी नेतच नसे. १९८७ ला संप झाला, मग कोर्टकचेऱ्या, १९८९ ला एक अर्धवट सिस्टीम आली की टीमने ३७ खेळाडू राखून ठेवायचे आणि बाकीचे मोकळे, म्हणजे चांगले सगळे अडकलेलेच. १९९२ ला मिनियापोलिसच्या ज्युरीने ती बेकायदा ठरवली आणि १९९३ पासून खरी फ्री एजन्सी सुरू झाली. मालकांनी बदल्यात सॅलरी कॅप मागून घेतली, १९९४ पासून, टीममागे ३ कोटी ४६ लाख डॉलर. आयपीएलची पर्स असते तसंच समजा. २०२५ ला हीच कॅप २७ कोटी ९२ लाखांवर होती.

सगळ्यांना वाटलं ग्रीन बे आता संपलं. थंडी, छोटं गाव, नाइटलाइफ नाही, काळ्या खेळाडूंना तर तिथे आपलं कोणीच नाही असं वाटायचं, कोण येणार? आणि झालं उलटंच. पहिल्याच वर्षी मार्केटमधला सगळ्यात मोठा मासा, रेजी व्हाइट, त्या ज्युरीच्या निकालानंतरचा समझोत्याचा खटला ज्याच्या नावाने होता तोच, ४ वर्षांच्या १ कोटी ७० लाख डॉलरवर ग्रीन बेला आला. व्हाइट चर्चमध्ये प्रवचन देणारा माणूस, म्हणायचा देव सांगेल तिकडे जाईन. तर कोच माइक होल्मग्रेनने म्हणे त्याच्या आन्सरिंग मशीनवर मेसेज ठेवला, रेजी, मी देव बोलतोय, ग्रीन बेला जा. या किश्श्यावर भाऊ अख्खी संध्याकाळ काढू शकतो.

व्हाइटला आणणारा जीएम रॉन वुल्फ. त्याने त्याआधीच, १९९२ च्या फेब्रुवारीत, अटलांटाच्या बेंचवर बसलेल्या ब्रेट फार्व्हसाठी पहिल्या राऊंडचा पिक देऊन टाकला होता. लोकांनी वेड्यात काढलं. जानेवारी १९९७ ला पॅकर्सनी सुपर बोल जिंकला, पेट्रियट्सविरुद्ध ३५–२१. म्हणजे बघा, खरेदीवाल्यांचा देव पण वुल्फ आणि धीरवाल्यांचा पण वुल्फच, कारण नंतरचे सगळे त्याच्याच घराण्यातले. गाण्यात असतं तसंच, तालीम एकाची आणि प्रत्येकाचा स्वर वेगळा.

टेड थॉम्पसन २००५ ला जीएम झाला, तो या घराण्यातला सगळ्यात मितभाषी. पहिल्याच ड्राफ्टमध्ये, फार्व्ह जोरात असताना, २४ व्या नंबरवर क्वार्टरबॅक घेतला, एरन रॉजर्स, जो त्या रात्री तासन्‌तास टीव्ही कॅमेऱ्यांसमोर चेहरा पाडून बसला होता. रॉजर्स तीन वर्षं बेंचवर, २००८ ला फार्व्हने रिटायर होऊन परत यायचं म्हटल्यावर थॉम्पसनने त्याला न्यूयॉर्क जेट्सला पाठवलं, गाव पेटलं. फेब्रुवारी २०११ ला रॉजर्सने सुपर बोल आणला. थॉम्पसन फ्री एजंट जवळजवळ घ्यायचाच नाही, एक चार्ल्स वूडसन घेतला २००६ ला आणि तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, तरी हा गडी बदलला नाही.

हा निव्वळ कंजूषपणा नव्हता, त्यात हिशोब होता. नियम असा की तुमचे फ्री एजंट बाहेर गेले आणि तुम्ही तेवढे आणले नाहीत, तर पुढच्या ड्राफ्टमध्ये जादा पिक मिळतात, पण बाहेरून आणलात की ते वजा होतात. थॉम्पसन ते पिक साठवायचा. दुसरं म्हणजे बोनस. समजा खेळाडूला ५ वर्षांच्या करारावर ५ कोटी डॉलर बोनस दिला, रोख आज जाते पण कॅपमध्ये वर्षाला १ कोटी असा पसरतो, म्हणून आज स्वस्त वाटतो. त्याला दोन वर्षांनी काढला तर उरलेले ३ कोटी तुमच्या गळ्यात, खेळाडू नाही आणि पैसे मात्र मोजायचे, याला डेड मनी म्हणतात. २०२३ ला रॉजर्स जेट्सला गेला तेव्हा पॅकर्सच्या कॅपवर त्याचे साधारण ४ कोटी डॉलर असेच पडून होते. ईएमआय चालू आणि गाडी दुसऱ्याच्या दारात.

आताचा जीएम ब्रायन गुटेकुन्स्ट, २०१८ पासून, वुल्फच्याच काळात स्काउट म्हणून लागलेला. त्याने मार्च २०१९ मध्ये एका झटक्यात चार फ्री एजंट आणले आणि टीम १३–३ गेली, भाऊ खूश. पुढच्याच एप्रिलला, कोविडमध्ये, सगळे जीएम घरून ड्राफ्ट करत होते, अख्ख्या गावाला रिसीव्हर हवा होता, आणि याने चार नंबर वर सरकून २६ वर क्वार्टरबॅक घेतला, जॉर्डन लव्ह! मी इकडे चहा सांडला. रॉजर्सने नंतर स्वतःच सांगितलं की त्याने ते ऐकून टकिला ओतून घेतली. आणि मग चिडून म्हणा किंवा कसं, सलग दोन वर्षं एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. लव्ह तीन वर्षं थांबला, २०२३ ला खेळायला लागला आणि प्लेऑफमध्ये डॅलसला डॅलसमध्ये ४८–३२ हरवलं.

रिसीव्हरचं म्हणाल तर २००२ नंतर पहिल्या राऊंडमध्ये पॅकर्सनी एकही घेतला नव्हता. जेनिंग्स, नेल्सन, डावांते ॲडम्स, सगळे दुसऱ्या राऊंडचे. थेट २०२५ ला, ड्राफ्ट ग्रीन बेमध्येच भरला होता तेव्हा, २३ व्या नंबरवर मॅथ्यू गोल्डनचं नाव वाचलं आणि जो गजर झाला तो २३ वर्षांचा साठलेला होता.

आणि मग त्याच वर्षी २८ ऑगस्टला, ऑफसीझन संपला असं समजून सगळे निवांत असताना, डॅलसच्या डिफेन्सचा स्टार मायका पार्सन्स पॅकर्सकडे आला. बदल्यात २०२६ आणि २०२७ चे पहिल्या राऊंडचे पिक, वर केनी क्लार्क, आणि पार्सन्सला ४ वर्षांचे १८ कोटी ८० लाख डॉलर. वायनिसीपासून चालत आलेलं सगळं एका दिवसात बाजूला. भावाचा फोन आमच्याकडे रात्रीचा आला, बराच वेळ नुसता हसतच होता. मी म्हटलं हॅडल. तो म्हणाला हॅडल ३४ चा होता रे, हा २६ चा आहे, रेजी व्हाइट म्हण. मी म्हटलं व्हाइटसाठी पिक द्यावे लागले नव्हते. आणि क्लार्क गेला, २०१६ चा आपलाच पहिल्या राऊंडचा पोरगा, डिफेन्सच्या ऐन मध्ये उभा राहणारा, त्याच्या जागी कोण आणणार आणि कुठल्या पिकने? यावर तो म्हणाला तू आता दोन वर्षं शुक्रवारी सकाळी झोप, दुसरा राऊंड शनिवारी पहाटे असतो.