सर चहाला गेले की...

संध्याकाळचे साडेपाच. कोल्हापुरात आमच्या पेठेजवळच्या मैदानावर अकरा-बारा वर्षांच्या पोरांचा फुटबॉलचा सराव चाललेला. साधा सरपटी चेंडू गोलकीपरच्या दोन पायांमधून आत गेला आणि कडेवरून सरांचा आवाज आला, ‘‘डोळं घरात ठेवून आलास काय रं?’’ पोरगं चेंडू आणायला वळलंच नाही, आधी सरांच्या तोंडाकडे बघत राहिलं. पुढचा फटका बसायच्या आतच त्यानं झेप टाकली. चेंडू दुसऱ्या बाजूनं आत.

सर माणूस वाईट नव्हे. दोघा पोरांचे बूट त्यांनी पदरच्या पैशानं घेतलेत. सहज विचारलं तर म्हणाले, ‘‘ओरडतो की! पण शाबासकीबी तेवढीच देतो.’’ मी चार दिवस कट्ट्यावर बसून होतो, शाबासकी काही कानावर आली नव्हती.

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात हेच मोजलं होतं. मुलांच्या बेसबॉल सामन्यांना निरीक्षक बसवले आणि प्रशिक्षक केव्हा काय बोलतो, काय करतो याची नोंद ठेवली. नंतर प्रशिक्षकांना विचारलं, तुम्ही कसे वागता? उत्तरं नोंदींशी जुळेनात. जुळलं ते फक्त शिक्षेबाबत. आपण रागावतो हे त्यांना ठाऊक होतं, बाकी सगळा समज. मुलांची उत्तरं मात्र नोंदींच्या बरीच जवळ होती.

मग त्यांनी प्रशिक्षकांसाठी हंगामाआधी अडीच तासांचा वर्ग घेतला. चांगल्या खेळाला आणि प्रयत्नालाही दाद द्या, चूक झाली की आधी धीर द्या, मग नेमकं काय करायचं ते सांगा, टोमणे बंद. एवढंच. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्ग न केलेल्या प्रशिक्षकांकडची 26 टक्के मुलं पुढच्या हंगामाला आलीच नाहीत; वर्ग केलेल्यांकडची गळती 5 टक्के. हार-जितीत दोन्हीकडे फरक नव्हता. कोल्हापुरात हे शेवटचं वाक्य कुणाला फारसं रुचणार नाही. शाहू स्टेडियमवर फुटबॉलमधली पेठापेठांची ईर्षा बघत वाढलेल्या माणसाला गळतीपेक्षा गोल मोठा.

खरं तर ‘नेमकं सांगा’ हे आपल्याला परकं नाही. तालमीत पोरगं चीतपट झालं की चांगला वस्ताद स्वतः हौद्यात उतरून तोच डाव पुन्हा लावून दाखवतो. (वस्तादाची काठीही मी पाहिली आहे, उगाच गोडवे नकोत.) नुसतं ओरडलं तर काय होतं? लक्ष एका वेळी फार थोडं पेलतं. ते सरांच्या चेहऱ्यात गुंतलं, की चेंडूसाठी उरत नाही.

याहून जुना प्रयोग 1939चा. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या संशोधकांनी दहा वर्षांच्या मुलांचे गट करून त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामं दिली. काही गटांवर हुकूम सोडणारा म्होरक्या, काहींवर विचारून ठरवणारा. हुकमाखालच्या गप्प गटांत म्होरक्या समोर असताना काम जास्तच व्हायचं. तो खोलीबाहेर पडला की ते धाडकन खाली यायचं. विचारून चालणाऱ्या गटांत तो असो-नसो, काम जवळपास तेवढंच चालू राहायचं.

परवा सर टपरीवर चहाला गेले. दोनच मिनिटांत निम्मी पोरं चेंडूवर बसून गप्पा मारायला लागली. गोलकीपरनं मात्र एका दोस्ताला हाक मारली, ‘‘तसलाच सरपटी मार.’’ गुडघा टेकून त्यानं तो अडवला. दुसरा सुटला, तिसरा छातीशी आला. तेवढ्यात सर येताना दिसले, तसा तो पटकन उठून उभा राहिला.