चंद्रावरचं माळवद

मराठवाड्यातलं जुनं घर आठवून पाहा. जाड दगडी भिंती, लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यावर हात-दोन हात जाडीचा पांढऱ्या मातीचा थर. हे माळवद. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब. गळू नये म्हणून वरून माती टाकत राहायचं, आणि पिढ्यान्‌पिढ्या थर जाड होत जायचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला आणि हीच माती झोपलेल्या माणसांवर आली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरात आहे.

चंद्रावर माणूस मुक्कामाला गेला, तर त्याच्याही डोक्यावर मातीचंच छप्पर असणार. गेल्या साठ-पासष्ट वर्षांतले बहुतेक गंभीर आराखडे फिरून तिथेच येतात. म्हणून चंद्रावरच्या घराचा इतिहास मला माळवदाचा इतिहास वाटतो. जमीन हलली की मातीच्या जड छपराचं काय होईल, हा किल्लारीने विचारलेला प्रश्न तिथेही सुटलेला नाही.

सुरुवात 1959 ची. अमेरिकी लष्कराने ‘प्रोजेक्ट होरायझन’ नावाचा अहवाल तयार केला. 1966 च्या अखेरीपर्यंत चंद्रावर बारा माणसांचा तळ उभारायचा, अशी कल्पना. घर म्हणजे सुमारे 3 मीटर व्यासाच्या आणि 6 मीटर लांबीच्या धातूच्या टाक्या, आणि त्या मातीखाली पुरायच्या. तोवर चंद्राला मानवी यंत्राचा स्पर्शही झाला नव्हता; सोव्हिएत ल्यूना-2 त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथे आदळलं. सोव्हिएत बाजूला व्लादिमीर बार्मिन यांच्या कार्यालयाने साठच्या दशकात असाच तळ आखला. बायकोनूरचे प्रक्षेपण-तळ उभारणारा हा माणूस. त्यांच्या आराखड्यात खोल्या घडी करून न्यायच्या आणि तिथे लांब करायच्या होत्या. हा तळ ज्या महाकाय एन-1 रॉकेटवर अवलंबून होता, त्याची चारही उड्डाणं फसली आणि तळ कागदावरच राहिला.

दोन्हीकडे मातीच का? चंद्राला हवा नाही, चुंबकीय कवच नाही. वैश्विक किरण आणि सौर वादळांतले कण थेट जमिनीवर येतात. ऑगस्ट 1972 मधलं प्रचंड सौर वादळ अपोलो 16 आणि 17 या मोहिमांच्या मधल्या महिन्यांत आलं, हे अंतराळवीरांचं नशीब. बारीक उल्काकण सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने येतात, कारण वाटेत जाळून टाकणारं काही नाही. विषुववृत्ताजवळ भरदुपारी तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, आणि चौदा दिवसांच्या रात्री उणे 130 च्या खाली उतरतं. या तिन्हींवर सर्वांत स्वस्त उपाय पायाखालीच पडलेला आहे. चांद्रमाती उष्णता किती अडवते, हे चंद्रयान-3 च्या ‘चास्ते’ उपकरणाने ऑगस्ट 2023 मध्ये दाखवलं: वर पारा पन्नाशीच्या आसपास, आणि अवघ्या 8 सेंटीमीटर खाली उणे 10. माळवदाचा गुण तो हाच.

पण ती माती वजन पेलेल का, हेच आधी कुणाला माहीत नव्हतं. 1955 मध्ये खगोलशास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांनी मांडलं होतं की चंद्रावरचे सपाट भाग खोल, सैल धुळीने भरलेले असावेत. यान त्यात रुतून बसेल, ही भीती बरीच वर्षं टिकली. फेब्रुवारी 1966 मध्ये सोव्हिएत ल्यूना-9 आणि जूनमध्ये अमेरिकी सर्व्हेयर-1 ही माणसाविना गेलेली यानं उतरली, आणि जमीन पक्की निघाली. पुढच्या वर्षी सर्व्हेयर-3 ने छोट्या खोऱ्याने चर खणला. कॅलटेकचे मृदा-अभियंता रोनाल्ड स्कॉट यांच्यासाठी ही परक्या जमिनीची पहिली पाया-तपासणी होती. अपोलोच्या काळात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. वरचे काही सेंटीमीटर सैल असले, तरी खाली माती विलक्षण दाबून बसलेली आहे. अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉट यांचं ड्रिल पुरेसं खोल जाईचना. पायाच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी, खणणाऱ्याच्या दृष्टीने वाईट. आपल्याकडे जेसीबीचं खोरं जमिनीत घुसतं ते यंत्राच्या वजनामुळे, आणि तिथे ते वजन सहाव्या हिश्श्यावर येतं. म्हणून नंतरच्या आराखड्यांत घर पुरण्याऐवजी वर उभारायचं आणि त्यावर माती ढकलायची, असा कल दिसतो.

आता खरी गंमत. पृथ्वीवरची इमारत खाली दबत असते. चंद्रावरची बाहेर फुटू पाहते. आत आपल्या नेहमीच्या हवेचा दाब ठेवला, तर भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 10 टनांचा जोर आतून बाहेर येतो. छतावर 3 मीटर माती टाकली तर दर चौरस मीटरला सुमारे 5 टन वस्तुमान होतं, पण तिथल्या गुरुत्वामुळे तिचा भार जेमतेम पाऊण-एक टनाइतकाच. निव्वळ मातीच्या भाराने तो दाब तोलायचा, तर थर पस्तीस मीटरांहून जाड हवा! म्हणजे रचना ताणाची हवी, डबा किंवा फुगा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नासाने 16 मीटर व्यासाच्या फुगवायच्या गोलाचा अभ्यास केला, तो याच हिशेबातून. 2016 मध्ये अंतराळस्थानकाला जोडलेली ‘बीम’ ही फुगवायची खोली त्याच कुळातली. आपला दगड-विटांचा सारा अनुभव दाब सोसणाऱ्या बांधकामाचा, त्यामुळे इथे तो थेट कामाला येत नाही.

आणि मग जमीन हलते. अपोलो 11 ने ठेवलेला भूकंपमापक काही आठवडेच चालला. पण 12, 14, 15 आणि 16 या मोहिमांचं चार केंद्रांचं जाळं 30 सप्टेंबर 1977 रोजी बंद करेपर्यंत नोंदी पाठवत राहिलं. नोव्हेंबर 1969 मध्ये अपोलो 12 च्या यानाचा वरचा भाग मुद्दाम चंद्रावर आपटला, तेव्हा कंपनं जवळजवळ तासभर मापकावर दिसत राहिली. पुढे शेकडो किलोमीटर खोलवरचे हजारो कंप नोंदले गेले. पृथ्वीच्या ओढीमुळे ते ठरावीक काळाने येतात आणि क्षीण असतात. उल्का आदळल्याचे आणि तापमान बदलल्याचे हादरे वेगळे. बांधकामवाल्याला घोर लावणारे फक्त 28. हे कमी खोलीवरचे चांद्रकंप, त्यांतले मोठे 5 तीव्रतेच्या पुढचे. पृथ्वीवरच्या भूकंपात जोराचे हादरे बहुधा मिनिटभरात ओसरतात, कारण खडकांतलं पाणी आणि मऊ थर कंपनं गिळतात. चंद्र कोरडा आणि थंड. तिथे असा कंप दहा मिनिटांहून जास्त घुमत राहतो.

गुरुत्व कमी म्हणून सगळंच हलकं होईल, असं वाटणं साहजिक आहे. पण भूकंपाचा आडवा जोर वजनावर ठरत नाही. तो वस्तुमान आणि त्वरण यांचा गुणाकार. वस्तुमान कुठेही गेलं तरी तेवढंच राहतं. छतावरची 5 टन माती उभ्या दिशेने पाऊण टनासारखी वागेल, पण जमीन आडवी हलली की पुरे 5 टन होऊन वागेल. शिवाय घर्षण आणि उलटण्याला होणारा विरोध वजनातून येतो, आणि ते तर सहाव्या हिश्श्यावर. पृथ्वीच्या गुरुत्वाच्या एक दशांश एवढं त्वरण इथे मध्यम धक्का मानला जाईल. चंद्रावर तेच तिथल्या गुरुत्वाच्या सहा दशांश होतं. एवढ्या जोरात सैल मातीचा उतार जागेवर राहणं कठीण. घर टिकलं तरी छप्पर ओघळून बाजूला जाईल, आणि किरणांपासूनचं कवच नेमकं तिथेच उघडं पडेल.

हा मुद्दा दीर्घकाळ कडेला पडून होता. क्लाइव्ह नील यांच्यासारखे भूवैज्ञानिक या शतकाच्या पहिल्या दशकात तो पुन्हा मांडू लागले. रट्गर्स विद्यापीठाचे हेम बेनारोया त्याआधीपासून चंद्रावरच्या रचनांच्या सुरक्षिततेवर लिहीत होते. 2019 मध्ये थॉमस वॉटर्स आणि सहकाऱ्यांनी अपोलोच्या जुन्या नोंदी नव्याने तपासल्या. 28 पैकी 8 कंप तरुण भ्रंशांपासून, म्हणजे कवच तुटून सरकल्याच्या रेषांपासून, 30 किलोमीटरच्या आत निघाले. चंद्र आतून थंडावत आक्रसतोय आणि त्याच्या कवचाला सुरकुत्या पडताहेत. 2024 च्या अभ्यासात त्यांनी दक्षिण ध्रुवाजवळचे भ्रंश आणि दरडी कोसळण्याजोगे उतार दाखवले. माणसं उतरवायची आहेत ती याच भागात, कारण कायम सावलीतल्या विवरांत बर्फ असल्याचे पुरावे आहेत.

माती सैल न ठेवता बांधून घेणं हा त्यावरचा एक मार्ग. 1986 मध्ये शिकागोजवळच्या स्कोकीत टी. डी. लिन यांना नासाने अपोलो 16 ची 40 ग्रॅम माती दिली. त्यांनी तिचं काँक्रीट केलं, आणि ते आपल्या नेहमीच्या इमारतींच्या काँक्रीटहून बरंच मजबूत निघालं. अडचण पाण्याची: ते तिथे सोन्याहून महाग. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने इस्रोसोबत जिवाणू, युरिया आणि गवारीचा डिंक वापरून विटा करून पाहिल्या. प्रयोगासाठी लागणारी नकली माती इस्रोने तमिळनाडूतल्या सीतमपूंडीच्या अ‍ॅनॉर्थोसाइट या फिकट रंगाच्या खडकातून बनवली. चंद्रावरचे काळे सपाट भाग आपल्या सह्याद्रीसारखे बसाल्टचे, पण ध्रुवाकडचा उंच प्रदेश अ‍ॅनॉर्थोसाइटचा. तिथल्या मातीसाठी आपला काळा कातळ उपयोगी नाही. दुसरा मार्ग लाव्हाच्या जुन्या बोगद्यांत शिरण्याचा. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने चंद्रयान-1 च्या छायाचित्रांतून असा सुमारे पावणेदोन किलोमीटरचा बोगदा 2011 मध्ये दाखवला होता. छत आयतं आणि जाड, पण ते हादऱ्यात कसं वागेल हे आत जाऊन तपासावं लागेल.

आराखडा करणाऱ्याला शेवटी एक आकडा लागतो: या जागी जमीन किती जोरात हलेल? आपल्याकडे तो भूकंप-क्षेत्रांच्या नकाशावरून मिळतो. 1993 मध्ये किल्लारी त्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होतं. ते क्षेत्रच 2002 च्या सुधारणेत रद्द झालं. चंद्रासाठी असा नकाशा नाही. अपोलोची चारही केंद्रं पृथ्वीकडच्या बाजूला होती, ध्रुवापासून दूर. दक्षिणेकडे 69 अंशांवर पहिला भूकंपमापक उतरला तो चंद्रयान-3 चा ‘इल्सा’. 26 ऑगस्ट 2023 रोजी त्याने एक कंप नोंदवला, बहुधा नैसर्गिक. 4 सप्टेंबरला सूर्य मावळतीला लागल्यावर लँडर निजवला गेला, आणि तो पुन्हा जागा झाला नाही.