चिलापी पुण्याच्या पाण्यात कशी आली

गणेश पेठेच्या मासळी बाजारात चिलापी घ्यायला गेलात, तर आधी तिचं तोंड नीट बघा. रोहूच्या नाकाला प्रत्येक बाजूला दोन-दोन छिद्रं असतात, चिलापीला एकेकच. कल्ल्यामागून शेपटीकडे निघालेली बारीक टिंबांची रेघ मध्येच तुटते आणि थोडी खाली उतरून पुन्हा चालू होते. पाठीवरच्या काट्यांना मात्र सांभाळून हात लावा. नाक आणि रेघ या दोन खुणांवरून तिचं कूळ कळतं, ते म्हणजे सिक्लिड. भारतात या कुळातल्या मूळच्या जाती फक्त तीन आहेत. केरळचं प्रसिद्ध करीमीन त्यांतलंच एक. तिन्ही किनाऱ्याकडच्या पाण्यातल्या. दख्खनच्या नद्यांत हे कूळ नव्हतंच.

हे ठामपणे सांगता येतं, कारण पुण्याच्या माशांची नोंद फार जुनी आहे. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवरचा आपला निबंध १८४१ साली प्रसिद्ध केला. त्यात ४६ जाती आहेत. आज ‘टॉर खुद्री’ या शास्त्रीय नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या महसीर माशाचं पहिलं वर्णन त्यानेच केलं, आणि तो मासा त्याला मिळाला होता पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत. पुढे १९४२ साली फ्रेझर यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांची यादी दिली. चिलापीने तोवर भारतात पाऊलही ठेवलेलं नव्हतं.

तिचं माहेर आफ्रिका. आपण सरसकट चिलापी म्हणतो, पण त्यात प्रामुख्याने दोन जाती येतात. मोझांबिक तिलापिया आग्नेय आफ्रिकेतली, झांबेझीच्या खालच्या खोऱ्यापासून दक्षिणेकडे पसरलेली. नाईल तिलापियाच्या शेपटीवर उभे पट्टे असतात, आणि प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतल्या चित्रांतही ती दिसते. मोझांबिक तिलापिया १९३९ साली जावा बेटावर सापडली आणि तिथून आशियाभर तळ्यांत सोडली गेली. १९५२ साली ती श्रीलंकेतून तमिळनाडूतल्या मंडपमला आणली गेली. स्वातंत्र्यानंतरचा टंचाईचा काळ होता, आणि स्वस्तात प्रथिनं देणारा मासा सगळ्यांनाच हवा होता. तमिळनाडूत तिला ‘जिलेबी’ म्हणू लागले, आपल्याकडे तिलापियाची चिलापी झाली. सात वर्षांत, १९५९ साली, तिच्या प्रसारावर बंदी घालायची वेळ आली. पण तळ्यात सोडलेला मासा कागदावरच्या बंदीने परत येत नाही.

ती का आवरली नाही, हे तिच्या विणीवरून कळतं. नर काळा पडतो, गळा पांढरट होतो, आणि उथळ पाण्याच्या तळाशी तो परातीसारखा गोल खड्डा करतो. मादी त्यात अंडी घालते आणि लगेच ती तोंडात घेते. दीड-दोन आठवडे अंडी आणि पिल्लं तिच्या तोंडातच असतात, आणि तेवढा काळ ती जवळजवळ उपाशीच राहते. पिल्लं बाहेर सोडल्यावरही धोका दिसला की पुन्हा तोंडात घेते. रोहू-कटला पावसाळ्यातल्या पुराची वाट बघतात, लाखो अंडी टाकतात आणि निघून जातात. चिलापीला पूर लागत नाही. दोन-तीन महिन्यांची झाली की ती वीण सुरू करते आणि वर्षातून अनेकदा विते. म्हणूनच गर्दी झालेल्या तळ्यात हाताएवढीही न वाढलेली, पण अंड्यांनी भरलेली चिलापी सापडते. तिला थंडी तेवढी सोसत नाही. पाणी दहा अंशांच्या खाली गेलं तर ती मरते, पण आपल्याकडच्या धरणांचं पाणी इतकं गार होत नाही.

पुणेकरांनी खरं लक्ष द्यायला हवं ते तिच्या पोटाकडे. रोहूला जठरच नसतं. चिलापीला असतं, आणि त्यातलं आम्ल इतकं तीव्र असतं की निळं-हिरवं शेवाळही तिला पचतं. आता नकाशा समोर धरा. शहराचं सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि भीमा पुढे उजनीत साचते. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाने वाहती नदी संथ केली, आणि आपल्या सांडपाण्याने त्या पाण्याला खत पुरवलं. उन्हाळ्यात फुगवट्याचं पाणी हिरवंगार दिसतं. महसीरला वाहतं, स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. चिलापीला हे हिरवं पाणी म्हणजे वाढलेलं ताट.

म्हणून नदीतले जुने मासे चिलापीने संपवले असं जे सरळ म्हटलं जातं, ते मला अपुरं वाटतं. ती आक्रमक आहे, जगातल्या शंभर घातक परक्या जातींच्या यादीत मोझांबिक तिलापियाचं नाव आहे, आणि दुसऱ्यांच्या अंड्यांवर ती ताव मारते हेही खरं. पण नदी आपण आधीच बदलून ठेवली होती. आणि ज्यांना आपण ‘आपले’ मासे म्हणतो ते रोहू-कटलाही गंगेच्या खोऱ्यातले, भीमेत माणसानेच आणून सोडलेले.

तिकडे आफ्रिकेत उलटंच घडतं आहे. माणसाने नेलेल्या नाईल तिलापियाशी संकर होऊन मोझांबिक तिलापियाचं शुद्ध रक्त तिच्या स्वतःच्या नद्यांतच धोक्यात आलं आहे.

उजनीकाठच्या भिगवणच्या बाजारात आज चिलापीवर कितीतरी घरं चालतात, हायवेच्या हॉटेलांत ती तळून मिळते. मे महिन्यात उजनीचं पाणी ओसरल्यावर काठाने चालत गेलात, तर भेगाळलेल्या गाळात एकाला एक लागून गोल खड्डे दिसतील. ते तिच्या नरांनी केलेले.