पाणकोळ्याचे नाव आणि कंसातले १७५७

युरोप आणि आशियाच्या समशीतोष्ण भागांतील तळ्यांत पाणकोळी नावाचा एक कोळी जवळजवळ सारे आयुष्य पाण्याखाली काढतो. पाणवनस्पतींमध्ये तो रेशमाचे आच्छादन विणतो, पोटावरच्या केसांत अडकवून आणलेली हवा त्याखाली साठवतो आणि त्या बुडबुड्यात राहून श्वास घेतो. शास्त्रीय ग्रंथांत त्याचे नाव ‘आर्जिरोनेटा अ‍ॅक्वाटिका (क्लर्क, १७५७)’ असे छापतात.

यातले साल जाणकारांनाही क्षणभर अडवते, कारण प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभ स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीयसच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’च्या १७५८ मधील दहाव्या आवृत्तीपासून धरला जातो आणि त्याआधीची नावे ग्राह्य नसतात. या नियमाला एकच अपवाद आहे. कार्ल क्लर्क याने स्वीडनमधील कोळ्यांवरचा आपला ग्रंथ १७५७ मध्येच प्रसिद्ध केला होता आणि त्यात प्रत्येक कोळ्याला रीतसर द्विपद (दोन शब्दांचे) नाव दिले होते. म्हणून आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेने तोही १ जानेवारी १७५८ रोजी प्रसिद्ध झाला असे मानले, शिवाय त्यातील नावांना लिनीयसच्या नावांपेक्षा अग्रक्रम दिला. क्लर्कने कोळी स्वतः निरखून त्यांची रंगीत चित्रे दिली होती, हे पाहता हा निर्णय मला अत्यंत न्याय्य वाटतो.

कंसालाही अर्थ आहे. क्लर्कच्या ग्रंथात सारे कोळी ‘अरेनियस’ या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात (जीनस), होते. फ्रेंच शास्त्रज्ञ लात्रेय याने १८०४ मध्ये पाणकोळ्यासाठी आर्जिरोनेटा ही वेगळी प्रजाती स्थापन केली. जातीचे नाव तेच राहिले, मात्र प्रजातीचे नवे नाव स्त्रीलिंगी असल्याने ‘अ‍ॅक्वाटिकस’चे ‘अ‍ॅक्वाटिका’ झाले. मूळ वर्णनकर्त्याचे नाव कंसात गेले की जातीने प्रजाती बदलली आहे, हे वाचकाला कळते.

कोळ्याची जाती ठरवताना नराच्या स्पर्शपादांची (तोंडाजवळच्या पायांसारख्या अवयवांची) टोके आणि मादीचे जननद्वार सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, कारण रंग फसवा असतो आणि पिल्लांत हे अवयव पूर्ण वाढलेले नसतात. पाणकोळ्याच्या बाबतीत जातीविषयी वाद नाही, खरी अडचण कुलाची, म्हणजे प्रजातींच्या वरच्या मोठ्या गटाची, आहे. त्याला कधी स्वतंत्र कुलात, कधी सायबेइडी कुलात, तर कधी डिक्टिनिडी कुलात ठेवले गेले. त्याच्या श्वासनलिका विलक्षण विकसित आहेत. पण अशी लक्षणे पाण्यातल्या जगण्यामुळे घडली असतील, तर नात्याचा पुरावा म्हणून त्यांचे मोल कमी होते. त्यामुळे आता त्याचे नातलग शोधण्यासाठी शरीररचनेच्या जोडीला डीएनएची तुलनाही केली जाते.